सत्काराची शाल आणि हरकतीचा कागद

सदर : विधिमंडळ आणि आपण



राज्य विधिमंडळाचे २०२५ चे पावसाळी अधिवेशन ३० जून रोजी मुंबईत सुरू झाले आणि १८ जुलैला संपले. त्यानंतर चातुर्मासाचा उत्तरार्ध आला, पर्युषण झाले, दशलक्षण पर्व झाले, क्षमापनेची पत्रे गेली आणि आली. या दोन महिन्यांत आपल्या गावोगावच्या मंडपांत एक दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल. प्रवचन संपते. संघाचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकाजवळ येतात. मतदारसंघाच्या आमदारांचे आगमन झालेले असते. शाल, श्रीफळ, माळ अर्पण होते. आमदार दोन शब्द बोलतात. भवनासमोरच्या रस्त्याचे काम मार्गी लागल्याचे सांगतात, सभामंडपासाठी निधी देण्याचे आश्वासन देतात, टाळ्या होतात आणि पुढच्या कार्यक्रमासाठी ते निघतात. जाताना कार्यकर्ते गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल वाटून जातात.

हा अहवाल अनेकांच्या घरी रद्दीत जातो. माझी विनंती आहे की तो एकदा शांतपणे वाचावा. त्यात रस्ते असतात, गटारे असतात, पथदिवे, व्यायामशाळा, स्वागतकमानी असतात. वाढदिवसांची आणि भेटींची छायाचित्रे असतात. शोधूनही सहसा सापडत नाही ती गोष्ट म्हणजे कायदा. या आमदारांनी अधिवेशनात कोणत्या विधेयकावर भाषण केले, कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचविली, कोणता तारांकित प्रश्न विचारला आणि त्याला काय उत्तर मिळाले, यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

दोष एकट्या आमदारांचा नाही. गिऱ्हाईक जो माल मागते तोच माल दुकानदार दर्शनी मांडतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. आपण आमदारांकडे निधी मागतो, म्हणून ते निधीचा हिशेब देतात. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून प्रत्येक सदस्याला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. तो रस्ता महत्त्वाचा आहेच. पण रस्ता नगरपालिकाही करू शकते. कायदा मात्र विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्यच करू शकतात. ज्या कामासाठी आपण त्यांना तेथे पाठविले, त्याच कामाविषयी आपण त्यांना काही विचारत नाही.

आपला समाज लोकप्रतिनिधीला दोन प्रसंगी भेटतो. एक सत्काराच्या वेळी, दुसरा संकटाच्या वेळी. कायदा या दोन भेटींच्या मधल्या काळात तयार होतो. त्या काळात आपण पेढीवर बसलेले असतो.

याचे सर्वांत कडू उदाहरण म्हणजे स्थानिक संस्था कर, म्हणजे आपला एलबीटी. २०१३ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत राज्यभर दुकानांची शटर खाली आली, मोर्चे निघाले, घाऊक बाजारपेठा ओस पडल्या, ते वाचकांना आठवत असेल. १ एप्रिल २०१३ पासून पुणे, ठाणे, नवी मुंबई, नागपूर अशा मोठ्या महापालिकांत हा कर लागू झाला होता. परंतु त्याचा कायदा २०१३ चा नव्हता. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात त्याचे प्रकरण २००९ मध्येच घातले गेले होते, त्याचे नियम २०१० मध्ये आले होते आणि काही लहान महापालिकांत वसुलीही सुरू झाली होती. म्हणजे नोंदणी कोणी करायची, हिशेबाच्या वह्या कशा ठेवायच्या, तपासणीला कोण येऊ शकेल, दंड किती, हे सर्व चार वर्षे कागदावर होते. आपल्या दुकानाच्या पायरीला ते लागले तेव्हा आपण जागे झालो. पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना या करातून मोकळीक मिळाली आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर तो विषय संपला. आंदोलनाला यश आले असे आपण म्हणतो. पण बंद पडलेल्या दुकानांचे दिवस, भरलेले व्याज, नोटिशींना उत्तरे देण्यात गेलेला वेळ यांचा जमाखर्च कोणी मांडला? २००९ मध्ये पाच पानांचे निवेदन वेळेवर गेले असते तर कर टळलाच असता असे मी म्हणत नाही. तपासणीच्या आणि दंडाच्या कलमांवर चर्चा तरी झाली असती.

२०२५ चा अनुभव

मुंबईतील कबुतरखान्यांचा विषय आपल्या सर्वांच्या मनाला लागलेला आहे. तो रस्त्यावर आला ऑगस्टमध्ये. सुरू झाला विधान परिषदेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सदस्या मनीषा कायंदे यांनी कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा मुद्दा सभागृहात मांडला. सरकारच्या वतीने मंत्री उदय सामंत यांनी मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याच्या सूचना महापालिकेला देण्यात येतील असे सांगितले. सभागृहातील काही मिनिटांची ती प्रश्नोत्तरे होती. त्यांतून महापालिकेची कारवाई झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला ती ताडपत्री फाडण्याचा प्रकार घडला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला हस्तक्षेपास नकार दिला.

ताडपत्री फाडल्याने एकाही कबुतराच्या चोचीत दाणा पडला नाही. उलट ज्या समाजाची ओळख संयम ही आहे, त्याचे वेगळेच चित्र देशाने पाहिले. यानंतर जे घडले त्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. सकाळच्या ठरावीक वेळेत नियंत्रित दाणे टाकण्यास परवानगी देण्याचा विचार महापालिकेने न्यायालयात मांडला, तेव्हा न्यायालयाने आधी जनतेच्या हरकती आणि सूचना मागविण्यास सांगितले. त्यानुसार १८ ते २९ ऑगस्ट हा काळ सूचनांसाठी ठेवण्यात आला. आपल्या वाचकांपैकी किती जणांनी त्या बारा दिवसांत लेखी सूचना पाठविली? घोषणा देणारे किती होते हे सर्वांना ठाऊक आहे.

सूचना पाठविताना दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. दमेकऱ्याच्या फुप्फुसाची काळजी हाही जीवदयेचाच भाग आहे. वस्तीपासून दूर जागा, ठरावीक वेळ, स्वच्छतेची जबाबदारी घेणारी संस्था, तिचा वार्षिक खर्च, पाण्याची आणि विष्ठा उचलण्याची व्यवस्था, जखमी पक्ष्यांसाठी पशुवैद्य, एवढे सर्व मांडून एखाद्या संघाने प्रस्ताव दिला तर तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला बाजूला सारणे कठीण जाते. केवळ ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढ्या एका वाक्याच्या पत्राची दखल नोंदवहीपुरतीच राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचा प्रश्नही याच काळातला. न्यायालयाच्या आदेशानंतर जुलैच्या अखेरीस तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आले. तिच्यासाठी जैनांसह सर्व जातिधर्मांचे ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, पदयात्रा निघाली, लाखो सह्या गोळा झाल्या आणि राज्य शासनालाही मठाच्या बाजूने न्यायालयात उभे राहण्याची भूमिका घ्यावी लागली. ही एकजूट हृद्य होती. पण मठाने न्यायालयांत लढा दिला तो त्याआधीपासून, आणि तेव्हा मठ बहुतांशी एकटा होता. हत्तिणीच्या पायांची तपासणी, तिच्या निवाऱ्याची व्यवस्था, माहुताचे प्रशिक्षण यांवरचे आक्षेप जेव्हा कागदावर होते, तेव्हाच समाजाचे डॉक्टर, वकील आणि दानशूर मंडळी मठाच्या पाठीशी उभी राहण्याची खरी वेळ होती.

कागदाने काय होते?

‘सूचना पाठवून काय होते, सरकारला हवे तेच सरकार करते,’ असे पेढीवर बसून म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी याच अधिवेशनातले उदाहरण देतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आले, त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने जनतेकडून सूचना मागविल्या. बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते संमत केले. त्या कायद्याच्या गुणदोषांविषयी तीव्र मतभेद आहेत आणि त्यांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. परंतु समितीकडून परतलेला मसुदा समितीकडे गेलेल्या मसुद्याहून वेगळा होता, एवढे विरोधक आणि समर्थक दोघेही मान्य करतील. उद्देशाचे शब्द बदलले, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढविण्यात आला. समितीपुढे कागद आले होते, म्हणून शब्द बदलण्याला वाव मिळाला.

कायद्याच्या वाटेवर अशी थांबण्याची ठिकाणे बरीच असतात. विधेयक मांडले जाते, त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेक कलम विचारात घेतले जाते आणि दुरुस्त्या सुचविल्या जातात. दुसऱ्या सभागृहात हाच क्रम पुन्हा होतो. त्यानंतर राज्यपालांची संमती, काही विषयांत राष्ट्रपतींची संमती, आणि मग राजपत्रात प्रसिद्धी. राष्ट्रपतींच्या संमतीला किती काळ लागू शकतो हे आपल्या समाजाने पाहिले आहे. गोवंशहत्याबंदीचे विधेयक राज्य विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केले होते. संमती मिळाली २०१५ मध्ये. त्याहूनही महत्त्वाची पायरी पुढची आहे. अधिनियमात तत्त्व असते आणि तपशील नियमांत असतो. कोणता अर्ज भरायचा, किती शुल्क, किती दिवसांत, हे नियम ठरवितात. अनेक कायद्यांत या नियमांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करून हरकतींसाठी ठरावीक मुदत द्यावी लागते. व्यापाऱ्याच्या रोजच्या जीवनाला स्पर्श करणारी हीच जागा, आणि आपण सर्वांत कमी लक्ष देतो तेही येथेच.

चिकाटीने कागद चालविणारी माणसे आपल्या समाजात नव्हती असे नाही. जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळावी यासाठी बाळ पाटील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ मध्ये न्यायालयाने केंद्राला तसा आदेश देण्यास नकार दिला. तरीही निवेदने, दाखले आणि पाठपुरावा थांबला नाही, आणि २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्राची अधिसूचना निघाली. तो दिवस पाहण्यास बाळ पाटील हयात नव्हते. आज आपली मुले अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, आपल्या शिक्षणसंस्था त्या दर्जाच्या आधारे चालतात, तेव्हा त्यामागे किती कागदांच्या चळती आहेत हे त्यांना सांगायला हवे. या मागणीवर आपल्यातच दोन मते होती, हेही सांगावे.

लठ्ठे यांचा धडा

येथवरचे वाचून एखाद्याला वाटेल की हे सदर व्यापाऱ्यांचे हित जपण्याची युक्ती सांगत आहे. तेवढेच असते तर त्यासाठी व्यापारी संघटना पुरेशा आहेत. जैन नियतकालिकात हा विषय मांडायचा तर आणखी एक पाऊल पुढे जावे लागेल, आणि त्यासाठी मी अण्णासाहेब लठ्ठे यांचे स्मरण करतो.

कुरुंदवाडला जन्मलेले, १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक, पुढे कोल्हापूर संस्थानाचे दिवाण असलेले लठ्ठे १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्या सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. जैनांना याहून आनंदाची गोष्ट कोणती? पण दारूबंदीमुळे अबकारीचे मोठे उत्पन्न बुडणार होते, आणि ती तूट भरून काढण्याचे काम अर्थमंत्र्यांचे होते. त्यासाठी मुंबई आणि अहमदाबाद या शहरांतील स्थावर मिळकतींवर दहा टक्क्यांचा कर बसविण्यात आला. ज्या दोन शहरांत जैन धनिकांच्या चाळी, इमारती आणि पेढ्या होत्या, नेमकी तीच ही दोन शहरे. करावर नाराजी होती, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कर वैध ठरला.

तत्त्व आपले होते आणि त्याची किंमत मिळकतदारांना, म्हणजे पर्यायाने आपल्यापैकी अनेकांना, भरायची होती. लठ्ठे यांनी दोन्ही गोष्टी एकाच अंदाजपत्रकात मांडल्या. लोकप्रतिनिधीने समाजाला अहवाल द्यायचा तो असा द्यावा. आपण काय मिळविले आणि त्यासाठी कोणी काय मोजायचे आहे, हे दोन्ही रकाने त्यात हवेत. एकच रकाना दाखविणारी वही कोणत्याही पेढीवर चालत नाही. विधिमंडळाची का चालावी?

समोर आलेला प्रश्न

आता आपल्या दाराशी आलेल्या विषयाकडे वळू. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करण्याचा निर्णय घेतला. ज्या परवान्याला आपण अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतो, त्याचा हा कायदा. तोवर २०१७ चा अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता. दहापेक्षा कमी कामगार असतील तर मुख्यतः व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर मराठी नामफलकाचे बंधन त्यांनाही आहे. ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याचे ठरले. त्याचबरोबर कामाचे रोजचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्याचे प्रस्तावित होते.

कापडाच्या, किराण्याच्या, औषधांच्या मध्यम दुकानांत, सराफी पेढ्यांत दहा ते एकोणीस माणसे कामाला असणे अगदी नेहमीचे आहे. अशा मालकाला हा बदल म्हणजे सुटकेचा नि:श्वास आहे. नोंदवह्या कमी होतील, निरीक्षकाचा धाक कमी होईल, छोट्या चुकीसाठी होणारी धावपळ थांबेल. ही सोय खरी आहे आणि ती मागण्यात काही गैर नाही.

पण वहीचा दुसरा रकानाही उघडू. दहाच्या मर्यादेच्या कायद्याने अशा दुकानातील कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळे, वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळे, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या मिळत, २४० दिवस काम केल्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा साठे आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला मिळे. मर्यादा वीस झाली की बारा जणांच्या दुकानातील सेल्समनचा या कायद्यातील हा आधार जातो. त्याची सुट्टी मग मालकाच्या मनावर राहते. चांगला मालक ती देईलच. कायदा चांगल्या मालकासाठी लिहावा लागत नाही. आणि चांगल्या मालकाचेही नुकसान होते, कारण शेजारचा दुकानदार रजा न देता माल दोन पैशांनी स्वस्त विकू लागतो.

दशलक्षणात आपण उत्तम त्यागाचे, आकिंचन्याचे प्रवचन ऐकले. त्या दहा दिवसांत आपण दुकान लवकर बंद करून मंदिरात गेलो, तेव्हा गल्ल्यापाशी जो थांबला त्याला स्वतःच्या सणाची सुट्टी कायद्याने राहावी की कृपेने, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. माझे मत स्पष्ट सांगतो. नोंदवह्या आणि तपासणीचा जाच कमी करण्याची मागणी आपण जोरात करावी. मात्र साप्ताहिक सुट्टी, सणांच्या सुट्ट्या आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला ही तीन कलमे दहा ते एकोणीस कामगारांच्या दुकानांनाही लागू राहावीत, अशी सूचना व्यापारी म्हणून आपणच पाठवावी. ज्याचा फायदा होणार आहे त्यानेच दुसऱ्याची बाजू मांडली, तर त्या कागदाला जे वजन येते ते शंभर मोर्च्यांना येत नाही. अनेकान्त शिकवणाऱ्यांनी तो सार्वजनिक जीवनात आचरण्याची ही संधी आहे. माझ्याशी असहमत असणाऱ्यांनीही आपले मत जरूर लिहावे, पण मुदतीत लिहावे.

करावयाची कामे

 प्रत्येक संघाला सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी नोंदवितो.

पहिली गोष्ट निवेदनाची. निवेदन एका पानाचे असावे. ज्या कलमावर आक्षेप आहे त्याचा क्रमांक लिहावा. आपला प्रत्यक्ष अनुभव आकड्यांत मांडावा : दुकान किती वर्षांचे, कामगार किती, तास किती, सध्या रजा किती देतो. बदल सुचवायचा असेल तर नेमके शब्द लिहून द्यावेत. एकाच मजकुराच्या शंभर प्रती सह्या करून पाठविण्यापेक्षा दहा दुकानदारांचे दहा निराळे अनुभव अधिक उपयोगी पडतात. संबंधित विभागाकडून पोच घ्यावी आणि एक प्रत आपल्या आमदारांना द्यावी.

दुसरी गोष्ट आमदारांना विचारायच्या प्रश्नांची. सत्कार जरूर करावा. पण शाल घालण्याआधी दहा मिनिटे बैठक ठेवावी. गेल्या अधिवेशनात व्यापार, विश्वस्त संस्था आणि शिक्षण यांना स्पर्श करणारी कोणती विधेयके आली? आपण त्यांवर काय भूमिका घेतली? कोणते प्रश्न विचारले? आपण कोणत्या समितीवर आहात? पुढे काय येऊ घातले आहे? हे प्रश्न नम्रपणे आणि नियमाने विचारले गेले, की पुढच्या कार्यअहवालात गटाराशेजारी कायद्यालाही जागा मिळू लागेल.

तिसरी गोष्ट आपल्या तरुणांची. विधान परिषदेत पदवीधरांचे सात मतदारसंघ आहेत. त्यांची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर विभागांतील पदवीधर मतदारसंघांची मागील निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली. सहा वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या आपल्या मुला-मुलींची, सुनांची नावे नोंदविण्याची मोहीम प्रत्येक युवक मंडळाने आणि महिला मंडळाने हाती घ्यावी. सभागृहात जे पाठवितात त्यांच्या कागदाकडे सभागृह अधिक लक्ष देते.

चौथी गोष्ट संघाच्या कार्यालयाची. ज्या निष्ठेने आपण पंचांग भिंतीवर लावतो, तशीच एक वही ठेवावी. शासनाच्या कोणत्या मसुद्यावर हरकतींची मुदत कधी संपते, कोणी निवेदन दिले, पोच क्रमांक कोणता, उत्तर आले का, एवढे तिच्यात असावे. एखाद्या निवृत्त मुनिमांना किंवा वकिली शिकणाऱ्या मुलीला हे काम सोपवावे. वर्षाअखेरीस ती वही संघाच्या सर्वसाधारण सभेपुढे वाचावी.

आपला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो खाते वेळेवर लिहिण्याच्या सवयीवर. उधारी थकल्यावर वसुलीला निघणारा व्यापारी आणि महिनाअखेरीस खाते तपासणारा व्यापारी यांतला फरक आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लोकशाहीतील आपल्या खात्यालाही तोच नियम लागू आहे. दिवाळीला वहीपूजन होईल तेव्हा नव्या चोपड्यांच्या शेजारी हरकतींची ही वहीही ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्या दुकानातील कामगाराच्या सुट्टीची नोंद असावी.

पुढील अंकात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब, बदल अर्ज आणि लेखापरीक्षण यांविषयी लिहिणार आहे. आपल्या मंदिराच्या किंवा भवनाच्या विश्वस्त मंडळाला भेडसावणाऱ्या अडचणी संपादकांच्या पत्त्यावर कळवाव्यात.